पिसांचा पालट

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. या शहरातून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेमघर ही वस्ती लागते. रस्त्यावर वाहनांची अखंड वर्दळ आणि आसपास मागांचा खडखडाट. तरीही ज्या परसात एखादा शेवगा, एखादा पेरू अथवा जास्वंदीचे झुडूप तग धरून असते, तेथे पाखरांची ये-जा थांबत नाही. साळुंकी, बुलबुल, चिमणी, दयाळ, शिंजीर आणि कावळा ही अशा परसांतील नेहमीची मंडळी होत. ती रोज दृष्टीस पडत असल्यामुळे त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु एखाद्या दिवशी त्यांपैकी एखादा पक्षी नेहमीपेक्षा निराळा दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्यावर खिळून राहते.

पावसाळा ओसरू लागला की असे निराळे पक्षी अधिक आढळतात. एखाद्या साळुंकीच्या डोक्यावर एकही पीस नसते. तिचे पिवळे बोडके डोके पाहून लहान गिधाडाची आठवण व्हावी! एखादा बुलबुल शेपटीवाचून फांदीवर तोल सावरीत बसलेला असतो. एखाद्या कावळ्याच्या काळ्या पंखात मधेच पांढरे पीस चमकून जाते. मग तर्कवितर्क सुरू होतात. ‘‘हिला काही तरी रोग जडला आहे,’’ असे एक जण म्हणतो. ‘‘छे! हिला मांजराने धरले असेल,’’ असे दुसरा म्हणतो. तिसऱ्यास तो अपशकुन वाटतो. एखाद्या दयाळू मुलास वाटते की, त्या पक्ष्यास पकडून घरी न्यावे व औषध लावावे. तर एखादा खोडकर मुलगा सरळ दगड उचलतो. पक्ष्याला मात्र या दोघांत काही अंतर दिसत नाही. तो दोघांनाही सारखाच भितो. म्हणून काहीही करण्यापूर्वी त्या पक्ष्यास खरोखर काय झाले आहे, हे जाणून घेणे अगत्याचे असते. आणि ते जाणावयाचे तर पीस म्हणजे काय, हे आधी समजले पाहिजे.

जगात पक्ष्यांवाचून दुसऱ्या कोणत्याही जिवंत प्राण्याच्या अंगावर पिसे नाहीत. वटवाघूळ उडते, पण त्याचे पंख कातडीचे असतात. फुलपाखरू उडते, पण त्याच्या पंखांवर बारीक खवल्यांची धूळ असते. पीस हे पक्ष्याचेच लेणे होय. थंडीवाऱ्यापासून पीस त्याचे रक्षण करते, पावसाचे पाणी अंगाशी पोहोचू देत नाही आणि हवेत उचलून धरते. अशी पिसे एका पक्ष्याच्या अंगावर किती असावीत? चिमणीसारख्या लहान पक्ष्याच्या अंगावरही ती हजारांनी असतात. शीत प्रदेशातील एका हंसाची पिसे एका अभ्यासकाने मोजली, तेव्हा ती २५ हजारांहून अधिक भरली.

अंगणात पडलेले पंखाचे एखादे पीस भिंगातून पाहावे. मध्ये एक ताठ दांडा दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंस तंतू फुटलेले असतात आणि प्रत्येक तंतूस त्याहून सूक्ष्म असे उपतंतू असतात. या उपतंतूंना अतिशय बारीक आकडे असून ते शेजारच्या तंतूत अडकलेले असतात. भिवंडीच्या मुलांना ताणा आणि बाणा यांची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही. उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतून जसे कापड होते, तसेच हे तंतू गुंतून पिसाचा पसरट पडदा तयार होतो. मात्र एक मोठा फरक आहे. कापड फाटले तर त्यास शिवण घालावी लागते. पिसाचे तंतू विसकटले, तर पक्षी ते चोचीतून ओढतो आणि आकडे पुन्हा जागच्या जागी अडकतात. साळुंकी फांदीवर बसून तासन् तास चोचीने अंग साफ करीत असते, ती केवळ नटत नसते; ती आपल्या अंगावरचे वस्त्र दुरुस्त करीत असते.

परंतु या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. पीस एकदा पूर्ण वाढले की त्यातील रक्तपुरवठा बंद होतो. आपले केस आणि नखे यांच्याप्रमाणेच ते निर्जीव बनते. कापलेले नख ज्याप्रमाणे दुखत नाही, त्याप्रमाणे तुटलेले पीस पक्ष्यास दुखत नाही. पण ते सांधलेही जात नाही. ऊन, वारा, पाऊस, फांद्यांचे घर्षण आणि घरट्यातील ये-जा यांमुळे वर्षभरात पिसांच्या कडा झिजतात, रंग विटतो व दांडे कमकुवत होतात. जुने वस्त्र टाकून नवे घेण्यावाचून मग पक्ष्यास गत्यंतर राहत नाही. जुनी पिसे गळणे आणि त्यांच्या जागी नवी येणे, या क्रियेला पिसांचा पालट असे म्हणता येईल. साप कात टाकतो, हरणवर्गातील चितळ शिंगे टाकतो आणि पक्षी पिसे टाकतो. हा रोग नव्हे. हा निसर्गाचा नित्यक्रम आहे.

बहुतेक पक्षी वर्षातून एकदा तरी सर्व पिसे बदलतात. त्यासाठी ते जो काळ निवडतात, त्यातही योजकता दिसते. पिसे जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांची बनलेली असतात. ती नव्याने उगवण्यासाठी भरपूर अन्न आणि शक्ती लागते. पिलांना भरविण्याच्या धावपळीत हा खर्च पक्ष्यास झेपणारा नसतो. म्हणून पुष्कळसे पक्षी विणीचा हंगाम आटोपला की पालटास आरंभ करतात. लहान पक्ष्यांचा पालट पूर्ण होण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. या दिवसांत ते गाणे कमी करतात, पानांच्या आड बसतात आणि विनाकारण उडत नाहीत. एरवी परसात मंजुळ शीळ घालणारा दयाळ या काळात दिसेनासा होतो, तो परागंदा झालेला नसतो. तो केवळ अंग चोरून राहिलेला असतो.

पालटाचा क्रम मोठा शिस्तीचा असतो. पंखांतील सगळी मोठी पिसे एकदम गळली, तर पक्षी उडणार कसा आणि शिकाऱ्यापासून वाचणार कसा? म्हणून बहुतेक पक्ष्यांत डाव्या पंखाचे एक पीस गळते, तेव्हाच सुमारास उजव्या पंखातीलही त्याच जागेचे पीस गळते. ती दोन उगवत आली की पुढची जोडी गळते. अशा रीतीने तोल ढळू न देता सारा पंख नवा होतो. उडत्या कावळ्याकडे या दिवसांत खालून पाहिल्यास त्याच्या दोन्ही पंखांत सारख्याच जागी फटी दिसतात.

या नियमाला अपवादही आहेत. बदकवर्गातील पुष्कळ पक्षी पंखांची सर्व मोठी पिसे एकाच वेळी टाकतात. काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पण पाण्याचा व लव्हाळ्यांचा आश्रय असल्याने ते निभावून नेतात. राखी धनेशाच्या मादीची युक्ती तर याहूनही नवलाची आहे. ती झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते; केवळ एक अरुंद फट ठेवते. नर त्या फटीतून तिला फळे व किडे आणून देतो. अंडी उबविण्याच्या या बंदिवासातच मादी आपल्या पंखांची पिसे टाकते व नवी धारण करते. ती बाहेर येते तेव्हा नव्या पंखांनिशी येते.

आता त्या बोडक्या साळुंकीकडे वळू या. साळुंकीच्या डोळ्यांभोवतीची उघडी कातडी पिवळी असते, हे सर्वांच्या पाहण्यातील आहे. डोक्यावरची पिसे एकदम गळली म्हणजे तीच पिवळी कातडी सर्व डोक्यावर दिसू लागते. कित्येकदा हा पालटाचाच एक प्रकार असतो आणि काही आठवड्यांत डोके पुन्हा काळ्या पिसांनी झाकले जाते. परंतु दरवेळी तसेच असेल असे नाही. पिसांत व कातडीवर राहणारे सूक्ष्म कीटक आणि गोचिडांच्या जातीचे अतिसूक्ष्म जीव यांचा उपद्रव झाला, तरीही डोके बोडके होते. डोकेच का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पक्षी आपले सर्व अंग चोचीने साफ करू शकतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. तेथे त्यास पायाच्या नखांनी खाजविण्यावरच भागवावे लागते. म्हणून उपद्रवी जीवांना डोके व मान ही सुरक्षित जागा ठरते.

हीच गोष्ट उलट दिशेने विचारात घेतली, तर आणखी एक उलगडा होतो. पिंजऱ्यात एकटा कोंडलेला पोपट पुष्कळदा स्वतःचीच पिसे उपटू लागतो. त्याची छाती व पाठ उघडी पडते. पण डोके मात्र पिसांनी भरलेले राहते, कारण चोच तेथे पोहोचत नाही. म्हणजे डोके बोडके आणि अंग भरलेले, की अंग बोडके आणि डोके भरलेले, एवढे जरी नीट पाहिले, तरी कारणाचा अर्धा शोध लागतो. पोपटांच्या कुळात एक विषाणूजन्य रोगही आहे. त्यात पिसे गळतात, नवी पिसे वाकडीतिकडी येतात आणि चोचही विद्रूप होते.

कीटकांच्या उपद्रवावर पक्षी आपापल्या परीने उपाय करतात. चिमण्या मऊ धुळीत लोळून अंग घुसळतात. साळुंक्या डबक्यात मनसोक्त स्नान करतात. काही पक्षी उन्हात पंख पसरून निश्चल बसतात. ते पाहून तो पक्षी मरणोन्मुख आहे असे अनभिज्ञ मनुष्यास वाटते. सर्वांत विलक्षण उपाय म्हणजे मुंग्यांचा. काही पक्षी मुंग्यांच्या वारुळापाशी पंख पसरून बसतात अथवा चोचीत मुंगी धरून ती पिसांवर घासतात. मुंगीच्या अंगातील आम्लामुळे कीटकांचा नाश होत असावा, असा एक विचार आहे; तर खाण्यापूर्वी मुंगीतील आम्ल काढून टाकण्याची ही रीत असावी, असा दुसरा विचार आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३६ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून या वर्तनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते.

शेपटी नसलेल्या बुलबुलाची हकीगत निराळी असते. मांजराने अथवा शिक्रा पक्ष्याने मागून झडप घातली, की पुष्कळ पक्ष्यांची शेपटीची पिसे एकदम सुटतात आणि शिकाऱ्याच्या तोंडी केवळ पिसेच येतात. पालीची शेपटी तुटावी, तसाच हा प्रकार. शेपटी जाते, प्राण मात्र वाचतो. येथे एक आश्चर्याची गोष्ट लक्षात ठेवावी. पीस मध्येच मोडले, तर पुढचा पालट येईपर्यंत ते तसेच मोडके राहते; परंतु ते मुळासकट उपटले गेले, तर त्या जागी नवे पीस लगेच उगवू लागते. म्हणून शेपटी गमावलेला बुलबुल सुमारे महिना-दीड महिन्यात पूर्ववत दिसतो. नवे पीस प्रथम एका पातळ वेष्टनात गुंडाळलेले, बारीक काडीसारखे येते. वाढ पुरी होईपर्यंत त्यात रक्त खेळत असते. ते मोडले तर रक्त वाहते. पालटाच्या काळात पक्ष्यास हाताळू नये, याचे हेही एक कारण आहे.

पिसे गळण्याबरोबर रंगही बदलतात. एरवी चिमणीसारखा भुरकट दिसणारा सुगरण नर पावसाळ्याच्या तोंडाशी डोक्यावर व छातीवर सोनपिवळा होतो आणि मग खोपे विणावयास लागतो. कोकणात किहीम येथे डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास याच पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते. शेताच्या बांधावरचा पांढराशुभ्र गायबगळा विणीच्या दिवसांत डोके, मान व पाठ यांवर केशरी छटा धारण करतो. डबक्याकाठी मातकट रंगात लपून बसणारा वंचक, ज्यास कोकणात ढोकरी म्हणतात, त्याची पाठ तेव्हा तांबूस किरमिजी होते. जास्वंदीवर येणारा जांभळा शिंजीर विणीनंतर आपला चकाकता वेष टाकून मादीसारखा साधा होतो; गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी शिल्लक राहते. दोन निरनिराळे पक्षी म्हणून ज्यांची नोंद व्हावी, ती पुष्कळदा एकाच पक्ष्याची दोन रूपे असतात.

चिमण्याचा गळा मात्र पिसे न बदलताही काळा होतो. पालटानंतर आलेल्या त्याच्या नव्या पिसांची टोके फिकट असतात आणि ती गळ्यावरचा काळा रंग झाकून टाकतात. पुढे ती टोके झिजत जातात आणि विणीचा हंगाम येईतो खालचा काळा रंग उघडा पडतो. इतर वस्त्रे झिजली की फिकी पडतात. चिमण्याचे हे वस्त्र झिजल्यानेच खुलते.

आता त्या पांढऱ्या पिसाच्या कावळ्याचा विचार करू. पिसांना काळा, करडा व तपकिरी रंग देणारे एक द्रव्य पक्ष्याच्या शरीरात तयार होते. त्यास कृष्णरंजक असे नाव आहे. जन्मजात दोषामुळे हे द्रव्य मुळीच तयार होत नसेल, तर काळी पिसे पांढरी होतात आणि डोळेही लालसर दिसतात. अशा पक्ष्याची दृष्टी अधू असते व तो फार काळ जगत नाही. काहींच्या पिसांतच केवळ हे द्रव्य पोहोचत नाही. त्यांचे डोळे नेहमीसारखे असतात. असा पक्षी सर्वांगाने पांढरा असेल किंवा त्याची काही पिसेच पांढरी असतील. शहरातील उकिरड्यांवरच्या निकस अन्नावर वाढलेल्या कावळ्यांच्या पंखांतही पांढरट पट्टे आढळले आहेत. म्हणजे पांढरे पीस कधी जन्माने येते, तर कधी उपासमारीने.

कृष्णरंजकाचा उपयोग केवळ रंगापुरता नसतो. त्यामुळे पीस बळकट होते. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर येणारे कुरव पक्षी पाहावेत. त्यांचे अंग पांढरे, पण पंखांची टोके काळी असतात. वाऱ्याचा मारा जेथे सर्वांत अधिक, तेथेच हे बळ दिलेले असते. पांढऱ्या कावळ्याला हे बळ नसते. त्याची पिसे लवकर झिजतात. शिवाय तो शिकाऱ्याच्या नजरेत चटकन भरतो. इतर कावळेही त्याच्यामागे लागल्याचे वेळोवेळी पाहिले गेले आहे. मोराची पिसे लावून मिरवणाऱ्या कावळ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याची फजिती त्याच्या गर्वाने झाली. या बिचाऱ्या कावळ्याने मात्र काहीच लावलेले नसते. जे मिळाले तेच तो अंगावर वागवीत असतो.

सर्वच रंग शरीरात तयार होतात असे नाही. ठाण्याच्या खाडीत हजारोंच्या संख्येने उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या अन्नातून येतो. त्यांची पिले करड्या रंगाची असतात. पाण्यातील शेवाळ व सूक्ष्म जीव खात खात ती हळूहळू गुलाबी होतात. या पक्ष्यांसाठी खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला. खंड्याच्या व मोराच्या निळ्या रंगाची कथा तर याहूनही वेगळी आहे. त्यांच्या पिसांत निळे द्रव्य नसतेच. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो रंग उमटतो. गळालेले मोरपीस उजेडाच्या आड धरून पाहिल्यास निळाई लोपते व ते तपकिरी दिसते. पोपटाचा हिरवा रंग पिसांतील पिवळे द्रव्य आणि रचनेतून उमटणारा निळा रंग यांच्या मिलाफाने होतो. म्हणून क्वचित जन्मास येणारा पिवळाधमक पोपट ही काही निराळी जात नव्हे. त्याच्यात कृष्णरंजकाचा अभाव असल्यामुळे निळाई उमटत नाही, एवढेच.

कधी कधी वेगळा रंग हा पक्ष्याचा नसतोच. फुलांतील मध चोखणाऱ्या शिंजिराच्या कपाळास परागकण लागून ते पिवळे दिसते. धुळवडीचा रंग परसातील पाखरांच्या अंगावर उडतो. बाजारात विकण्यासाठी मुनियांना रंग फासल्याचीही उदाहरणे आहेत. हा केवळ फसवणुकीचा प्रकार नाही, तर गुन्हाही आहे. कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील वन्य पक्षी पकडण्यास, विकण्यास व पिंजऱ्यात ठेवण्यास मनाई केली आहे.

निराळ्या दिसणाऱ्या एका पक्ष्याने एका मुलाचे आयुष्य कसे बदलून टाकले, याची खरी हकीगत मुंबईत घडली. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे ते मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे खेतवाडीत वाढले. त्या काळच्या इतर मुलांप्रमाणे त्यांनाही छऱ्याच्या बंदुकीने पाखरे टिपण्याचा नाद होता. वयाच्या दहा-बारा वर्षांच्या सुमारास त्यांनी एक चिमणी टिपली. हातात घेऊन पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घरच्या चिमण्यांच्या गळ्यावर असा डाग त्यांनी कधी पाहिला नव्हता. हा डाग आला कोठून?

‘काही तरी लागले असेल’ असे म्हणून ते ती चिमणी टाकून देऊ शकले असते. परंतु तसे न करता त्यांनी ती मामांना दाखविली. मामांनाही ती ओळखता आली नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पक्षी, प्राणी व वनस्पती यांचा अभ्यास चाले. मामांनी भाच्याला चिठ्ठी देऊन तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. एका अनोळखी इंग्रज अधिकाऱ्यासमोर जाताना त्या लहान मुलाच्या मनात धाकधूक होती. पण मिलार्ड यांनी त्याचे आस्थेने स्वागत केले. त्यांनी पक्षी तत्काळ ओळखला. त्या चिमणीला रोग झाला नव्हता, डाग लागला नव्हता की तिच्या रंगात काही दोषही नव्हता. ती पीतकंठी रानचिमणी नावाची एक स्वतंत्र जातच होती! मिलार्ड यांनी कपाटे उघडून संस्थेतील पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखविले. एवढ्या प्रकारचे पक्षी आपल्या देशात आहेत, हे पाहून तो थक्क झाला.

त्या दिवसापासून पक्ष्यांकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटली. नेम धरणारा मुलगा पुढे निरीक्षण करणारा शास्त्रज्ञ झाला. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली प्रकाशित झाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा बहुमान मिळाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी त्या खाली पडलेल्या चिमणीवरूनच नाव दिले. १९८७ साली ते निवर्तले. एका पिवळ्या डागाविषयी ‘हे काय असावे?’ असे विचारण्याचे धैर्य त्या वयात त्यांनी दाखविले नसते, तर कदाचित ही कामगिरी घडलीच नसती.

हा प्रश्न विचारण्यासाठी आज बंदुकीची गरज नाही. डोळे, वही आणि धीर एवढ्यावर काम भागते. निराळा पक्षी दिसताच स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, हा काळ कोणता? विणीनंतरचे दिवस असल्यास पालटाचा संभव अधिक. दुसरी, पिसे कोठली गेली आहेत? डोक्याची, अंगाची, की शेपटीची? तिसरी, दोन्ही बाजू सारख्या आहेत काय? दोन्ही पंखांत सारखीच फट असल्यास तो पालट. एकाच पंखाची पिसे तुटली असल्यास ती इजा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, पक्षी वागतो कसा? जो खातो, उडतो, डोळे टवटवीत ठेवून सावध राहतो, तो कितीही विरूप दिसला तरी त्याला आपल्या मदतीची गरज नसते. त्याला हवा असतो निवांतपणा, थोडे पाणी आणि बसण्यास एखादे झाड.

परंतु जो पक्षी पिसे फुगवून जमिनीवर बसून राहतो, माणूस जवळ गेला तरी उडत नाही, ज्याचा पंख लोंबतो अथवा ज्याला मांजराच्या दातांची जखम झाली आहे, तो खरोखर संकटात असतो. पतंगाच्या मांज्यात अडकलेल्या पक्ष्याचीही हीच अवस्था होते. अशा वेळी उघड्या हातांनी त्यास धरू नये, चोचीत बळेच पाणी ओतू नये आणि औषधाचे प्रयोगही करू नयेत. वडीलधाऱ्यांना बोलवावे. त्यांच्याकडून पक्ष्यास कापडाने अलगद उचलून छिद्रे पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेववावे आणि पशुवैद्यास अथवा वनविभागास कळवावे. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. दया ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु केव्हा हात पुढे करावा आणि केव्हा तो मागे घ्यावा, याचे ज्ञान असेल तरच ती पक्ष्याच्या उपयोगी पडते.

वहीत दिनांक लिहावा, पक्ष्याचे नाव लिहावे, काय दिसले ते लिहावे आणि काय वाटले ते त्यापासून वेगळे लिहावे. ‘साळुंकी आजारी आहे’ हे वाटलेले झाले. ‘साळुंकीच्या डोक्यावर पिसे नाहीत, ती दाणे टिपीत आहे’ हे दिसलेले झाले. पंधरा दिवसांनी त्याच परसात पुन्हा पाहावे. पिवळ्या कातडीवर बारीक काळ्या काड्यांसारखी नवी पिसे फुटलेली दिसली, तर वाटलेले खोटे ठरते आणि दिसलेले मात्र तसेच खरे राहते.

स्वाध्याय

१. पिसाची रचना कापडाच्या विणीसारखी कशी आहे? दोहोंत कोणता फरक आहे?
२. कारणे सांगा : (अ) बहुतेक पक्षी पंखांची सर्व पिसे एकदम टाकत नाहीत. (आ) पिंजऱ्यातील पोपटाने पिसे उपटली तरी त्याचे डोके भरलेले राहते. (इ) पांढऱ्या कावळ्याची पिसे लवकर झिजतात.
३. ‘‘पक्ष्याला मात्र या दोघांत काही अंतर दिसत नाही.’’ हे दोघे कोण? त्यांच्या हेतूंत कोणता फरक आहे? मग पक्ष्यास तो का दिसत नाही?
४. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची हकीगत आपल्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अगत्याचे, गत्यंतर, परागंदा, निकस, आस्था.
६. घराजवळच्या अथवा शाळेजवळच्या एका पक्ष्याचे आठवडाभर निरीक्षण करा. वहीच्या एका पानावर ‘दिसले’ आणि दुसऱ्या पानावर ‘वाटले’ असे दोन भाग करून टिपण ठेवा.